सोळा जोड्या

मेहरुन शेखला माणसं आवाजावरून ओळखता येत. तिची चूक तिथेच झाली.

१९९३ ते २००१, आठ वर्षं ती दौंड स्टेशनबाहेरच्या एका एसटीडी बूथमध्ये बसली. प्लायवुडची केबिन, काचेचं दार. दार शेवटची दोन बोटं कधी मिटत नसे. आत माणूस बोले आणि बाहेर स्टुलावर मेहरुन मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत राही. डोळे आकड्यांवर ठेवले की कानही तिकडेच राहतात, अशी समजूत तिने करून घेतली होती. तसं होत नाही. एक माणूस सोलापूरच्या भावाला आई गेल्याचं सांगून लगेच दोनदा म्हणाला, घाई करू नको. एक मुलगी नंबर लावायची, पलीकडून कोणी हॅलो म्हटलं की तशीच उभी राहायची आणि पैसे देऊन निघून जायची. असं कितीतरी मेहरुनच्या पोटात साठत गेलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. गावाला ते ठाऊक होतं, म्हणून लोक समोरचा बूथ सोडून तिच्याकडे येत.

मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि बूथ बंद पडला. ती टायपिंग शिकली होती. कंप्युटरवर बसायला लागली. लग्न झालं नाही. आई गेल्यावर ती आणि तिचे अब्बा, मीरासाहेब, दोघंच उरले. मीरासाहेब रेल्वेत गेटमन होते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लायनीवर, भीमेच्या पुलापलीकडे त्यांचं फाटक होतं, आणि फाटकाशेजारच्या एका खोलीत मेहरुनचं लहानपण गेलं.

त्या खोलीतला रेल्वेचा फोन तिला भावंडासारखा होता. तो वाजे. स्टेशन मास्तर सांगत, गाडी येतेय. अब्बा बाहेर जाऊन फाटक पाडत, कुलूप घालत, परत येऊन फोन उचलत आणि एक आकडा देत. दोन अंकी. आकड्यांचा एक छापील कागद त्यांच्याकडे असे. त्यातला पुढचा आकडा द्यायचा आणि लगेच त्यावर काट मारायची. फाटक बंद आहे याची ती खूण. आकडा मिळाल्याशिवाय मास्तर सिग्नल देत नसत. घरात दखनी चाले, पण आकडा द्यायची वेळ आली की अब्बा मराठीत बोलत, ताठ उभे राहून, बनियनवर असले तरी.

२००६ साली तिला शिरूरमध्ये नोकरी लागली. एक संस्था शिरूर आणि दौंड तालुक्यांत बायकांच्या तपासणीची शिबिरं घेई. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वेळेत सापडावा म्हणून. शाळेच्या वर्गात पडदे लावायचे, पुण्याच्या नर्स येत, तपासणीचे फोटो आणि कागद शिरूरच्या केंद्रात कंप्युटरवर चढत, आणि मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी दुपारी एक ते तीन ते बघून निदान देत. केंद्रप्रमुख होते माऊली गाडेकर. पूर्वी दूध सोसायटीचे सचिव, माणूस वाईट नाही, पण थांबणं त्यांना सहन होत नसे.

बायकांना टेबलापर्यंत आणायचं काम मेहरुनचं. ते सगळ्यात अवघड होतं. कवठे येमाईच्या शिबिरात सोजरबाई नावाची एक बाई तीनदा दारापर्यंत येऊन परत फिरली. चौथ्यांदा मेहरुनने तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"पोरीचं जमत आलंय, बाई," सोजरबाई म्हणाली. "आईला असलं काय निघालं म्हनल्यावर ती मानसं तोंड फिरवत्याल. ह्यो कागद जाणार कुठं?"

"डॉक्टरकडं."

"आन् मधी?"

"मधी मी आहे," मेहरुन म्हणाली. "माझ्या हातून तो दुसरीकडं जाणार नाही."

सोजरबाईने तिच्याकडे नीट बघितलं आणि चपला काढून आत गेली.

पहिली दोन वर्षं अशा कागदांच्या सीड्या करून जात. २००८ मध्ये पुण्याच्या ऑफिसातला शोएब नावाचा पोरगेला इंजिनिअर आला आणि म्हणाला, आता सीडी बंद, आपण क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतलाय. फाइली इथून थेट तिकडे. मशीन कुठंय म्हटल्यावर त्याने अमेरिका म्हणून सांगितलं, तेही नक्की नव्हतं. त्याने मेहरुनला एक चावी दिली. चावी म्हणजे एक छोटी फाइल, पेन ड्राइव्हवर, आणि ती उघडायला तिचा स्वतःचा परवलीचा शब्द. आपण मेहरुनच आहोत हे सर्व्हरला पटवायला ती चावी. हे शोएबने अर्धा तास समजावलं. सर्व्हर तोच आहे हे मेहरुनला कसं पटायचं, ते मात्र त्याने एका वाक्यात उरकलं: त्याचाही अंगठा असतो, आपा, हा बघा, सोळा जोड्या, आकडे आणि अक्षरं, बदलला तर मला फोन करा. मेहरुनने त्या सोळा जोड्या वहीत उतरवून घेतल्या.

फेब्रुवारी २००९. गुरुवार. कवठ्यासह त्या आठवड्याच्या शिबिरांतल्या अडतीस बायकांचे कागद पाठवायचे होते, त्यात सोजरबाईचाही. साडेअकराला मेहरुनने जोडणी सुरू केली आणि पडद्यावर एक चौकट आली. मोठ्या अक्षरांत इशारा होता: सर्व्हरचा अंगठा बदललेला आहे. एकतर तिकडच्या लोकांनी तो बदलला असेल, नाहीतर तुम्ही भलत्याच मशीनशी बोलत आहात. खाली दोन बटणं. येस आणि नो.

तिने वही काढली. एकही जोडी जुळत नव्हती.

"काय झालं?" माऊली मागे येऊन उभे राहिले.

"अंगठा बदललाय."

"मग दाबा की येस."

"कुणाचा आहे कळल्याशिवाय कसं दाबू?"

"मेहरुनताई, तुम्ही सोयरीक जमवायला बसलाय का फाइल पाठवायला? डॉक्टरीणबाई एकला बसतात. आजचा गुरुवार गेला की आठवडा गेला. त्यात कुणाला काय असेल तर आठवडाभर बसून राहायचं तिनं?"

ते खोटं नव्हतं. ती उठली, बसली, वायर घट्ट आहे का बघितली, पुन्हा जोडणी केली. चौकट पुन्हा आली. सव्वाबाराला तिने शोएबला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे गाड्यांचा आवाज होता.

"हां आपा, बोला. मशीन कालच नवीन उभी केली. सांगायचं राहिलं. काय दाखवतंय? वाचा बरं."

माऊली घड्याळाकडे बघत होते. मेहरुनने वाचायला सुरुवात केली. सेव्हन सी. वन ई. नाइन फोर. प्रत्येक जोडीला पलीकडून हां येत होतं. सोळावी जोडी झाल्यावर शोएब म्हणाला, "करेक्ट आहे आपा, जाऊ द्या."

आवाज शोएबचाच होता, त्याबद्दल शंका नव्हती. आणि शोएब खोटं बोलणारा मुलगा नव्हता. तिने येस दाबलं. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. अडतीस फाइली. एकला दहा कमी असताना काम झालं. माऊलींनी चहा मागवला.

संध्याकाळची एसटी चौफुल्याला अर्धा तास थांबली, म्हणून दौंडला घरी पोचायला साडेसात वाजले. अब्बा नमाज आटपून अंगणात खुर्ची टाकून बसले होते. निवृत्तीला बारा वर्षं झाली होती, तरी मेहरुन कामावरून आली की ते एकच विचारत, मास्तरांनी विचारावं तसं.

"आज गेलं का सगळं?"

"गेलं. आज जरा अडकलं होतं." तिने चहा ओतता ओतता सगळं सांगितलं. अंगठा, सोळा जोड्या, फोन. या गोष्टी अब्बांना चटकन कळत. क्लाउड म्हणजे काय ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पलीकडे कोण आहे आणि तो तोच आहे कशावरून, एवढंच ते विचारत.

अब्बांनी कप खाली ठेवला. "आकडा कुणी दिला?"

"शोएबनं. म्हणजे, मी वाचला, तो हां म्हणाला."

"तू दिलास?"

"पडद्यावर माझ्या होता ना. मी वाचला."

"मग त्यानं काय दिलं?"



मीरासाहेब मराठीवर आले. "आमच्या पल्याडच्या गेटवर भिमा व्हता. चांगला मानूस. मास्तर बी वळखीचा. गाडी आली की मास्तर फोनवर म्हनायचा, भिमा, पाडलंस का रं फाटक? तेवीस लिवतो बघ. भिमा म्हनायचा, व्हय. आकडा भिमानं द्यायचा, पर मास्तरच लिवून मोकळा. वरीस-दीड वरीस असंच. रोज फाटक बंद असायचं, म्हणून काय बिघडलं न्हाई. एक दिवस भिमा भाकरी खात व्हता. व्हय म्हनला."

"मग?"

"उसाची ट्रॉली व्हती रुळावर. डायवरनं उडी टाकली, वाचला. भिमाची नोकरी गेली. मास्तरची बी." ते उठले. "व्हय म्हननं म्हंजी आकडा न्हाई."

मेहरुन अंगणातून आत गेली, आतून बाहेर आली. तिने शोएबला फोन लावला.

"शोएब, दुपारी मी वाचत होते तेव्हा तुमच्यासमोर काय होतं?"

"समोर? टपरी होती आपा. नाश्ता करत होतो. का?"

"मग तुम्ही हां कशाला म्हणत होता?"

तो हसला. "तुम्ही वाचताय म्हणून. मशीन नवीन केली ते मला माहीतच होतं. फाइली गेल्या ना? तिकडे दिसतात ना?"

"ज्याला मी दिल्या तोच मला दाखवतोय, मुंबईला पुढंही तोच देत असेल. त्यानं दाखवलं म्हणून मी काय समजू?"

मग शोएबचा आवाज बदलला. "उद्या दहाला ऑफिसला जाऊन मशीनमध्येच बघतो. आत्ता इथून नाही बघता येत. पण आपा, तोच असणार. शंभर टक्के."

शंभर टक्के. ती खाटेवर बसली आणि अडतीस नावं तिला एकामागून एक आठवत गेली. गावांसकट. मांडवगण फराट्याच्या नऊ जणी, त्यात दोघी सख्ख्या जावा, एकमेकींना न सांगता आलेल्या. कवठ्याची सोजरबाई. बूथमधल्या लोकांची गुपितं तिने निदान आपल्याच पोटात ठेवली होती. ही तिने स्वतः उचलून दिली होती, आणि कुणाला दिली ते तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी सहाच्या एसटीने ती निघाली. न्हावऱ्यापर्यंत उभीच होती, जागा असून. केंद्राचं कुलूप तिने उघडलं, कंप्युटरमागची इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि ती वायर हातात घेऊन बसून राहिली. नऊला माऊली आले.

"हे काय? आजचे नवे पाच फोटो दहाच्या आत पाठवायचेत."

तिने सांगितलं. माऊली उभ्यानेच ऐकत होते, मग बसले.

"कुणाला बोललात?"

"अब्बांना. आणि शोएबला."

"आता तिसऱ्याला बोलू नका. दहाला तो बघेल, तोच निघेल, विषय संपला."

"मला पुण्याला संस्थेच्या मोठ्या डॉक्टरांना कळवायचंय. तो बघायच्या आत."

"आत का? नंतर कळवा ना, सगळं बरोबर आहे म्हणून!"

"बरोबर निघालं तर मी कळवणार नाही, माऊलीभाऊ. मला माझं माहीत आहे. आणि नाही निघालं तर तुम्ही कळवू देणार नाही."

माऊलींचा चेहरा लाल झाला. "ताई, कागद बाहेर गेले एवढा शब्द जरी कवठ्यात पोचला तर पुढच्या शिबिराला चिटपाखरू येणार नाही. ज्या बाईला खरंच आजार आहे ती घरात मरेल. त्याचं पाप कुणाच्या माथी?"

मेहरुनने दुसऱ्या टेबलावरचा कंप्युटर चालू केला, त्याला वायर लावली आणि सहा ओळींची मेल लिहिली. काल मी सर्व्हरची ओळख न पटवता अडतीस जणींचे कागद पाठवले. ओळख विचारताना मीच उत्तर वाचून दाखवलं. चूक माझी आहे. माऊली मागे उभे राहून वाचत होते. "निदान ‘चूक माझी’ तरी काढा," ते हळू म्हणाले. तिने काढलं नाही. नऊ चाळीसला मेल गेली.

दहा पंचवीसला फोन वाजला.

"आपा, उघडलंय. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही वाचा."

तिने कालच्या जोड्या कागदावर घेतल्या होत्या. शोएब वाचू लागला. सेव्हन सी. तिने टिंब मारलं. वन ई. टिंब. अकराव्या जोडीपाशी तो थांबला, ओळ हुकली म्हणाला, "कुठपर्यंत आलो आपा?" आणि पुढची जोडी तिच्या जिभेच्या टोकावर आली. तिने पदर तोंडावर दाबून धरला. "पहिल्यापासून वाचा," ती म्हणाली. त्याने पहिल्यापासून वाचलं. सोळाही जुळल्या.

माऊलींनी हात जोडून छताकडे बघितलं. मेहरुनने फोन ठेवला. फाटक बंद होतं, एवढंच. तिने ते न बघताच व्हय म्हटलं होतं.

पाच फोटो तिने पाठवले.

सोमवारी पुण्याहून पत्र आलं. भाषा सभ्य होती. आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं; तथापि यापुढे फाइली पाठवण्याची जबाबदारी केंद्रप्रमुखांकडे राहील. मेहरुन यांनी शिबिरांचं काम पूर्ववत पाहावं. माऊलींनी पत्र दोनदा वाचलं आणि तिच्याकडे न बघता टेबलावर ठेवलं.

"नसतं लिहिलं तर कुणाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग आता? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"शिकवीन की."

माऊलींसाठी पुण्याहून नवा कंप्युटर आला, त्यांच्या नावाची नवी चावी झाली. मेहरुनने शोएबला फोन करून आपली जुनी चावी सर्व्हरवरून काढायला लावली, आणि काढल्यावर तिने स्वतः जोडणी करून बघितली. तिला आत घेतलं नाही.

गुरुवारी सोजरबाई केंद्रात आली. निदान आलं होतं. गाठ सुरुवातीची होती, पुण्याला जाऊन उपचार घ्यायचे होते, बरी होण्यासारखी होती. मेहरुनने तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तेही सांगितलं.

"मावशी, एक रात्र तुमचा कागद कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. माझ्या हातून तसं झालं. दुसऱ्या दिवशी नीट जागी आहे असं कळलं."

सोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मंग मला कशाला सांगितलंस, बाई? मी झोपली असती सुखानं."

"तुम्ही विचारलं होतंत, मधी कोण म्हणून."

"आन् आता मधी कोन?"

मेहरुनने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. माऊली नव्या कंप्युटरसमोर चष्मा सावरत बसले होते.

"ह्यो?" सोजरबाई कुजबुजली. "आगं, ह्याच्या मेव्हन्याचं घर आमच्याच आळीत हाय. ह्याच्या पोटात काय ऱ्हातंय?"

"राहतं. त्याची काळजी नको. बाकीचं मी बघते."

बाकीचं ती कसं बघणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढ्यात माऊलींनी हाक मारली. नवा कंप्युटर सर्व्हरला पहिल्यांदाच भेटत होता, त्यामुळे त्याला ओळख नव्हती, आणि पडद्यावर चौकट आली होती: हा अंगठा ओळखीचा नाही. विश्वास ठेवायचा का? येस. नो. भिंतीवर बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"येस दाबू?"

"फोन लावा."

"आता कशाला? मशीन तर तीच. त्या शुक्रवारी तुम्हीच टिंबं मारलीत."

"लावा, माऊलीभाऊ."

माऊलींनी उसासा टाकून नंबर फिरवला. मेहरुन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. शोएबने उचलला असावा. माऊलींचा आवाज खुलला, "हां शोएबराव, जेवण झालं का? हे बघा, आमच्याकडं आलंय, पटकन वाचतो, ऐका हां, सेव्हन…"

मेहरुनने हात पुढे केला आणि फोनच्या खटक्यावर बोट दाबलं.

माऊली रिसीव्हर तसाच कानाला धरून वळले. "अहो, काय हे! डॉक्टरीणबाई बसल्यात तिकडं!"

"परत लावा. त्याला वाचू द्या. तुम्ही बोलू नका."

"त्याला राग येईल ना. काय लहान पोरं आहोत का आपण?"

"येऊ द्या."

माऊलींनी बाकाकडे बघितलं. सोजरबाई तिथून टक लावून त्यांच्याकडे बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं.

"लाव की रं बाबा," ती म्हणाली.

माऊलींनी नंबर पुन्हा फिरवला. कागद ओढला. पडद्यावरच्या सोळा जोड्या त्यावर उतरवल्या आणि ओठ घट्ट मिटून पेन हातात धरलं. पलीकडे काय चाललंय ते मेहरुनला ऐकू येत नव्हतं. तिला फक्त पेनाचं टोक दिसत होतं. ते पहिल्या जोडीवर टेकलं, जरा थांबलं, आणि पुढच्या जोडीकडे सरकलं.